समुद्री माशातले जंत: मासा साफ करण्यापासून ताटात येईपर्यंत काय बघायचं, काय करायचं

पहिल्यांदा अख्खा समुद्री मासा आणून स्वतः साफ करायला घेतला तेव्हाचं सांगतो. मॅकरेल होता, एकदम ताजा, डोळे चकचकीत, कल्ले लालभडक. पोट फाडलं, आतडी बाहेर काढली आणि काळजावर (म्हणजे यकृतावर) बघतो तर घड्याळाच्या स्प्रिंगसारखं गुंडाळलेलं काहीतरी चिकटलेलं, पांढुरकं, शर्टाच्या बटणाच्या निम्म्याएवढं. वाटलं शीरबीर असेल. सुरीच्या टोकाने उचललं तर ते हळूच उलगडलं, चांगलं दोन-अडीच सेंटीमीटर लांब झालं आणि एक टोक वर उचलून हवेत इकडेतिकडे हलवायला लागलं. मी सुरी टाकून दोन पावलं मागे. मासा अख्खा कचऱ्यात.

आता आठवलं की त्या माशाचं वाईट वाटतं, कारण तो मी नीट शिजवूनच खाणार होतो म्हणजे त्यातनं मला जंताचा आजार होणारच नव्हता. आणि त्याच्या दोनेक महिने आधी एका पार्टीत कच्च्या माशाचे तुकडे कुठून आणले, फ्रीझ केले होते का, काहीएक न विचारता मी मजेत हाणले होते. तिथे जंत दिसला नाही म्हणून भीती पण वाटली नाही. नवीन माणसाचं असं उलटंच होतं, जे दिसतं त्याला बघून किंचाळतो आणि जे खरंच जिवंत पोटात जाऊ शकतं त्याचा विचारही करत नाही. तेव्हा मासे साफ करायला, शिजवायला नवीन असाल किंवा कच्चा मासा खायची हौस नुकतीच लागली असेल तर हे सगळं एकदा वाचून ठेवा.

पायरी १: कोण आहे ते ओळखा

सगळे जंत सारखे नसतात, काही नुसतेच किळसवाणे असतात आणि काही खरंच त्रास देतात.

मुख्य नाव लक्षात ठेवायचं ते अनिसाकिस. हा गोल जंतांपैकी, म्हणजे दोऱ्यासारखा. मोठा झालेला अनिसाकिस देवमाशाच्या नाहीतर डॉल्फिनच्या जठरात राहतो, त्याची अंडी विष्ठेतून समुद्रात पडतात, त्यातनं निघालेल्या अळ्या क्रिलसारखे झिंग्याच्या जातीतले बारीक जीव खातात, ते जीव मासे आणि स्क्विड खातात आणि अळी तिथे गुंडाळून वाट बघत बसते की कधी एखादा देवमासा हा मासा गिळतोय आणि मी मोठी होतेय. माणूस या गोष्टीत कुठेच नाहीये. आपण तो मासा कच्चा खाल्ला तर अळीला वाटतं आलं मुक्कामाचं ठिकाण, ती जठराच्या भिंतीत डोकं खुपसायला बघते (डोक्याला चक्क एक बारीकसा दात असतो) पण आपल्या पोटात ती मोठी होऊ शकत नाही, अंडी घालू शकत नाही, दोन-तीन आठवड्यांत मरते. एकाकडून दुसऱ्याला लागण वगैरे प्रकार नाही. दुखणं मात्र खरं.

दिसते कशी? दोन ते तीन सेंटीमीटर लांब, एक मिलिमीटरपेक्षाही बारीक, पांढुरकी किंवा जवळजवळ पारदर्शक, बहुतेक वेळा घट्ट वेटोळं करून. हेरिंग, मॅकरेल, कॉड, हेक, अँकोव्ही, जंगली सामन, मंकफिश, स्क्विड, यादी लांब आहे. सरळ हिशोब असा ठेवा की समुद्रात मोकळा वाढलेला कुठलाही मासा असेल तर त्यात अनिसाकिस असू शकतो, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१० मध्ये साधारण हेच म्हटलंय.

त्याचाच भाऊबंद स्यूडोटेरानोव्हा, याला कॉडवर्म किंवा सीलवर्म पण म्हणतात कारण हा मोठा होतो सीलच्या पोटात. हा जरा जाड, तीन-चार सेंटीमीटर, रंगाने पिवळट ते तपकिरी-लालसर त्यामुळे कॉडच्या पांढऱ्या मांसात लगेच नजरेत भरतो. माणसाला याचा त्रास सहसा कमी, बऱ्याचदा घशात काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं आणि खोकल्यात अळीच बाहेर पडते. वाचून कसंतरी झालं ना, मलाही झालं होतं, पण गंभीर काही नसतं.

तिसरा म्हणजे टेपवर्म, पट्टकृमी. याच्यासाठी लक्ष ठेवायचं ते पॅसिफिकमधल्या जंगली सामनवर. मांसात याची अळी एक सेंटीमीटरच्या आसपास, पांढरी, दुधाळ, अनिसाकिससारखं वेटोळं नसलेली, म्हणून चरबीच्या रेषेत हरवून जाते. याचा प्रकार वेगळा, हा आपल्या आतड्यात खरोखर वाढतो, काही मीटर, कधीकधी १० मीटरपर्यंत. आणि गंमत म्हणजे बऱ्याच लोकांना पत्ताच नसतो, थोडं पोट बिघडतं, मग एक दिवस संडासात फितीसारखा तुकडा दिसतो आणि धाबं दणाणतं. औषध मात्र सोपं आहे, प्राझिक्वांटेल, डॉक्टर देतात. फार वर्षं राहिला तर काही जातींमुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकतं. पेरूकडच्या किनाऱ्यावर याची आणखी एक समुद्री जात आहे, तिथे सेविचेतून, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशातून, लोकांना होते.

आणि चौथे हे बिचारे उगाच बदनाम, ग्रुपर, स्वोर्डफिश अशा माशांच्या मांसात कधीकधी तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या गाठी किंवा चक्क शेवईसारखे लांब जंत सापडतात. हे शार्कच्या टेपवर्मची पिल्लं. शार्क नसाल तर त्यांना तुमच्यात रस नाही. काढून टाका, मासा शिजवा, खा. दिसायला सगळ्यात भयंकर हेच आणि धोका जवळपास शून्य, तर अनिसाकिस दिसायला एवढासा दोरा आणि लोकांना हॉस्पिटलात पोचवतो. दिसण्यावर जाऊ नका म्हणतो ते यासाठीच.

पायरी २: पोट लवकर साफ करा, खरंच लवकर

मासा जिवंत असताना बहुतेक अळ्या आतड्यांवर, काळजावर, गाबोळीच्या आसपास असतात. मासा मेला की त्यातल्या काही हलायला लागतात आणि पोटाच्या कडेच्या मांसात शिरतात. म्हणून मासा आणून रात्रभर न फाडता ठेवला आणि दुसऱ्या दिवशी निवांत साफ केला असं करू नका, हातात आल्याबरोबर पोट फाडा, आतडी अख्खी ओढून काढा, आतलं काळं अस्तर खरवडा, थंड पाण्याने धुवा आणि बर्फात किंवा फ्रीजच्या सगळ्यात गार भागात ठेवा. स्वतः गळाने मासे धरत असाल तर जागेवरच साफ करा, पण आतडी परत पाण्यात फेकू नका, दुसरे मासे ती खातात आणि अळ्यांची गाडी पुढे चालू राहते.

आता एक गोष्ट नीट ऐका. लवकर साफ केल्याने अळ्या कमी होतात, संपत नाहीत. काही जातींत, काही समुद्रांत मासा जिवंत असतानाच अळ्या मांसात बसलेल्या असतात. त्यामुळे "मी तर ताजा तडफडता मासा आणला आणि लगेच साफ केला, कच्चा खायला हरकत नाही" हे लॉजिक चालत नाही. ताजेपणा आणि जंत यांचा काहीही संबंध नाही. उलट ताज्या माशात अळी पण ताजीतवानी असते.

पोटाकडची पातळ पट्टी, जिथे मांस अगदी कमी असतं, ती कापून टाकली तर बराच भार कमी होतो. शिजवायचा असेल तर टाकायची गरज नाही, कच्च्यासाठी मी तरी टाकतो.

फ्रीजबद्दल पण गैरसमज खूप आहे. साध्या फ्रीजच्या ४ डिग्रीला अळी मरत नाही, आरामात दिवसचे दिवस जगते. फ्रीज अन्न खराब होण्यापासून वाचवतो, जंतापासून नाही.

पायरी ३: उजेडात बघा, चिमट्याने काढा

फिलेट, म्हणजे काट्यावरून सोडवलेला मांसाचा सपाट तुकडा, काढली की ती उजेडासमोर धरा. फॅक्टरीत खालून दिवा लावलेलं पांढरं काचेचं टेबल असतं, घरी मोबाईलचा टॉर्च खालून मारला तरी काम होतं, काचेच्या ताटात फिलेट पसरा आणि खाली टॉर्च धरा. पातळ पांढऱ्या मांसात गोल गुंडाळी किंवा गडद रेघ दिसते. चिमटा घ्या, अळी मधोमध न धरता एका टोकाला धरा आणि सावकाश ओढा, घाई केली तर तुटते आणि अर्धी आत राहते. किंवा त्या जागेचं मांस थोडं जास्तच कापून टाका, सोपं पडतं. हाताला लागली तर काही होत नाही, ती कातडीतून आत जात नाही, हात धुवा झालं.

हौशी लोकांसाठी एक गोष्ट, ३६५ नॅनोमीटरचा युवी टॉर्च मिळतो, अंधारात फिलेटवर मारला तर विशेषतः फ्रीझ होऊन मेलेल्या अळ्या निळसर-पांढऱ्या चमकतात. पहिल्यांदा बघताना भारी वाटतं. मात्र काटे आणि पडदे पण थोडे चमकतात त्यामुळे प्रत्येक चमकणारी गोष्ट जंत समजून अर्धी फिलेट कापून टाकू नका. मी टाकली होती.

पण हे सगळं करूनही लक्षात ठेवा, बघणं ही गाळणी आहे, गॅरंटी नाही. जाड फिलेट, तेलकट गडद मांस, कातडी असलेली बाजू, यात फॅक्टरीत दिवसभर हेच काम करणाऱ्या माणसांच्या नजरेतूनही अळ्या सुटतात, आपलं काय घेऊन बसलात. "मी नीट बघितलंय" हे वाक्य कच्चा मासा खाण्याचं कारण होऊ शकत नाही.

पायरी ४: शिजवणार असाल तर

इथे सगळं सोपं आहे. माशाच्या सगळ्यात जाड भागाच्या मधोमध तापमान ६० डिग्री सेल्सियसला गेलं आणि निदान एक मिनिट राहिलं की अळी मेली, युरोपचा नियम हाच आहे. अमेरिकेची अन्न-औषध संस्था, एफडीए, ६३ डिग्री सांगते. मी ६३ धरतो कारण तीन डिग्रीने माशाचं काही बिघडत नाही. किचन थर्मामीटर घ्या, टोक मधे खुपसा, वाचा. थर्मामीटर नसेल तर काट्याने मधलं मांस उघडून बघा, काचेसारखं अर्धपारदर्शक दिसत असेल तर अजून कच्चं आहे, पूर्ण पांढरट अपारदर्शक होऊन पापुद्र्यांनी सुटायला लागलं की झालं.

घोळ कुठे होतो ते सांगतो. एक, बाहेरून करपवून आत कच्चा ठेवलेला मासा, दिसतो शिजलेला पण असतो कच्चाच. दोन, सूवीद, म्हणजे पिशवीत घालून कोमट पाण्यात मंद शिजवणं, बऱ्याच रेसिपीत सामन ४५ किंवा ५० डिग्रीला करतात, टेक्श्चर लोण्यासारखं येतं मान्य पण जंतांच्या हिशोबात तो कच्चा मासाच, त्यामुळे असं करायचं तर आधी फ्रीझ केलेला मासा घ्या. तीन, मायक्रोवेव्ह, हा एका जागी उकळतो आणि दोन बोटांवर गार ठेवतो, म्हणून झाकण ठेवा, मधे उलटा, बंद केल्यावर दोन मिनिटं तसंच राहू द्या आणि तापमान दोन-तीन जागी तपासा.

बस, नीट शिजवला की अनिसाकिस असो, टेपवर्म असो, आजाराचा प्रश्न मिटला. अळी नजरेतून सुटून पोटात गेली तरी ती मेलेली आहे, प्रोटीन समजा. याला एकच अपवाद आहे, अ‍ॅलर्जी, तो शेवटी सांगतो.

पायरी ५: कच्चा खायचा असेल तर फ्रीझिंग, आणि ते पण आकड्यांनी

ही पायरी लोक सगळ्यात जास्त ढोबळ करतात. "रात्रभर फ्रीझरला ठेवला होता" एवढं पुरत नाही.

एफडीएचे आकडे असे आहेत: उणे २० डिग्री किंवा त्याखाली सलग ७ दिवस. किंवा उणे ३५ ला दगडासारखा कडक होईपर्यंत गोठवायचा आणि मग त्याच तापमानाला १५ तास. किंवा उणे ३५ ला कडक करून मग उणे २० ला २४ तास. युरोपचा नियम उणे २० ला निदान २४ तास किंवा उणे ३५ ला निदान १५ तास असा आहे. मग ७ दिवस आणि २४ तास एवढा फरक का, तर युरोपच्या नियमात हे तापमान माशाच्या प्रत्येक भागात, अगदी गाभ्यापर्यंत पोचलेलं असायला हवं असं आहे. कारखान्यातला ब्लास्ट फ्रीझर ते झटकन करतो. घरातल्या फ्रीझरमधे जाड तुकडा घातला तर मधोमध उणे २० यायला किती वेळ लागेल काही भरवसा नाही, आणि बहुतेक घरगुती फ्रीझर उणे १८ वर सेट केलेले असतात, वरून दार उघडझाप चालू. म्हणून घरी करायचं तर ७ दिवसवालाच नियम धरा.

मी असं करतो. आधी फ्रीझरमधे साधा फ्रीझर थर्मामीटर टाकून एक दिवस बघतो की खरंच उणे २० ला जातो का, नाही गेला तर सेटिंग खाली करतो, तरी नाही गेला तर त्या फ्रीझरमधला मासा कच्चा खायचा विषय संपला, शिजवून खायचा. गेला तर फिलेट पातळ तुकड्यात, एकावर एक न रचता, हवा काढलेल्या पिशवीत सपाट ठेवतो आणि पिशवीवर तारीख लिहितो. मोजणी सुरू करायची तुकडे कडक झाल्यावर, आत टाकल्यापासून नाही. अख्खा जाडजूड मासा फ्रीझरला टाकून ७ दिवस मोजू नका, एफडीएने स्वतःच म्हटलंय की १५ सेंटीमीटरपेक्षा जाड माशाला हे आकडे लागू धरू नयेत.

आणि हो, फ्रीझिंग जंत मारतं, बॅक्टेरिया मारत नाही. वितळवल्यावर तो कच्चाच मासा आहे, फ्रीजमधे वितळवा, लगेच खा.

फ्रीझिंगवर विश्वास कशावरून, तर नेदरलँड्सची गोष्ट ऐका. तिथे हलकंसं मीठ लावलेला कच्चा हेरिंग खायची जुनी आवड. १९५० च्या दशकात लोक भयंकर पोटदुखीने यायला लागले, आणि १९६० मधे तिथल्या संशोधकांनी हेरिंगमधली अळी हेच कारण असल्याचं जाहीर केलं. १९६८ ला कायदा आला, हेरिंग विकण्याआधी उणे २० ला निदान २४ तास गोठवायचा. केसेस जवळपास थांबल्या. लोकांनी खाणं सोडलं नाही, चव सोडली नाही, फक्त मधे एक थंड दिवस टाकला.

सूट कुणाला आहे? पेलेट, म्हणजे गोळ्यांच्या तयार खाद्यावर वाढवलेला फार्मचा अटलांटिक सामन, कारण त्याने जिवंत क्रिल किंवा लहान मासे खाल्लेलेच नसतात, तो यात जवळपास निर्धोक धरला जातो. अमेरिकेत ट्यूनाच्या काही मोठ्या जातींनाही फ्रीझिंगच्या नियमातून सूट आहे. पण "फार्म्ड" असं नुसतं लेबल बघून खूश होऊ नका, बाकीच्या फार्मच्या माशांना काय खायला घातलं यावर सगळं अवलंबून असतं.

पायरी ६: या गोष्टींवर विसंबू नका

लिंबू, व्हिनेगर, वसाबी, सोया सॉस, कडक दारू. यातलं काहीही जेवणाच्या वेळेपुरतं लावून अळी मरत नाही. लिंबाने मांस पांढरं होतं म्हणून ते शिजल्यासारखं दिसतं, प्रोटीनचं रूप बदलतं फक्त, अळीचं जाड आवरण तिला नीट सांभाळतं. तिला मुळात राहायचंच असतं देवमाशाच्या जठरातल्या अ‍ॅसिडमधे, तुमच्या लिंबाचं तिला काय कौतुक.

मला हे पटत नव्हतं म्हणून एकदा करून बघितलं. माशातून काढलेल्या तीन जिवंत अळ्या एका वाटीत घरातलंच व्हिनेगर आणि चमचाभर मीठ घालून ठेवल्या, वर ताटली झाकली. रात्री अकराला ठेवलेल्या, सकाळी उठून आधी वाटी बघितली, तिघी तळाशी पडलेल्या, वाटलं झालं काम. टूथपिक लावली आणि तिन्ही हलल्या. त्या दिवसापासून रात्रभर व्हिनेगरमधे मुरवलेला मासा मी आधी फ्रीझ केल्याशिवाय तोंडात घालत नाही. स्पेनमधे अनिसाकिसच्या केसेस मुख्यतः व्हिनेगरमधल्या अँकोव्हीतून येतात, ते उगाच नाही.

स्मोक्ड मासा दोन प्रकारचा. गरम धुरावर शिजवलेला, आतून ६० च्या वर गेलेला, तो ठीक. कोल्ड स्मोक्ड, जो कच्च्यासारखा मऊ आणि चकचकीत असतो, त्यात उष्णता कमीच असते, तो फ्रीझ केलेल्या माशाचा आहे का ते बघायचं. मिठाचंही तसंच, हलकं मीठ उपयोगाचं नाही, कडक मिठात कित्येक आठवडे मुरलेल्या माशाची गोष्ट वेगळी.

बारीक चावून खाल्लं तर? अळी तुटली तर तुटली. प्लॅन म्हणून याच्यावर जगू नका.

पायरी ७: बाहेर खाताना काय विचारायचं

एकच प्रश्न, "हा मासा आधी फ्रीझ केलेला आहे का, आणि किती?" लाजू नका. नीट चालवणाऱ्याला उत्तर माहीत असतं आणि तो चिडत नाही. "आमचा मासा एकदम फ्रेश असतो हो, फ्रीझ कशाला" असं अभिमानाने उत्तर आलं तर मी तरी शिजवलेलं काहीतरी मागवतो. "सुशी ग्रेड", म्हणजे कच्चा खाण्याजोगा, या शब्दालाही भुलू नका, अमेरिकेत तरी या शब्दाची कायद्यात व्याख्याच नाही, विकणाऱ्याने लावलेलं लेबल आहे ते.

हे टेन्शन अतिशयोक्ती वाटत असेल तर जपान बघा, कच्चा मासा कापण्यात तिथल्यांचा हात कुणी धरणार नाही, तरी अलीकडच्या वर्षांत तिथल्या अन्नविषबाधेच्या घटनांच्या सरकारी यादीत अनिसाकिस वरच्या नंबरांना असतो. तिथे तर फ्रीझ न करता अळी मारायला माशातून विजेचे जोरदार झटके सोडायचं मशीनही कुमामोतो युनिव्हर्सिटीच्या मदतीने बनवलंय, २०२१ मधे ते जाहीर झालं. आणि समुद्रात अळ्या वाढतायत का, तर वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी २०२० मधे जुने सगळे अभ्यास एकत्र करून काढलं की १९७८ ते २०१५ मधे एका माशामागे सापडणारे अनिसाकिस २८३ पट झाले. कारण नक्की नाही, देवमाशांना संरक्षण मिळून त्यांची संख्या सावरली हे एक असू शकतं. तसं असेल तर समुद्रासाठी ती बातमी वाईट नाही म्हणायची.

पायरी ८: खाल्लंच आणि पोटात दुखायला लागलं तर

कच्चा किंवा अर्धाकच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत, साधारण बारा तासांच्या आत, पोटाच्या वरच्या भागात अचानक जोरात कळा, मळमळ, उलटी असं झालं तर अनिसाकिस डोक्यात आणा. अळी पुढे आतड्यात गेली तर दुखणं उशिरा येतं, एक दिवस ते आठवडाभराने, खालच्या पोटात, आणि ते अपेंडिक्ससारखं वाटतं, इतकं की काहींचं ऑपरेशन होतं आणि मग कळतं.

माझ्या एका मैत्रिणीचं झालेलं. संध्याकाळी मुरवलेला कच्चा मासा खाल्ला, रात्री एकला वाकडी होऊन पडली. अ‍ॅसिडिटीची गोळी, मग इंजेक्शन, फरक शून्य, लाटेसारख्या कळा येऊन जायच्या. पहाटे दुसऱ्या डॉक्टरने विचारलं की काल नेमकं काय काय खाल्लं, माशाचं ऐकलं आणि सकाळी दुर्बीण घातली. स्क्रीनवर तिला स्वतःलाच दिसली, जठराच्या सुजलेल्या लाल भिंतीत डोकं रोवलेली पांढरी अळी, शेपूट हलतंय. बारीक चिमट्याने ओढून काढली. ती म्हणते अळी सुटली आणि कुणीतरी बटण बंद करावं तशी कळ गेली.

म्हणून डॉक्टरकडे गेल्यावर पहिलं वाक्य "मी अमुक वाजता कच्चा मासा खाल्ला" हेच बोला, विचारायची वाट बघू नका. जठरात असेल तर दुर्बिणीने काढणं हाच उपाय आणि तीच तपासणी. आतड्यात असेल तर बहुतेकदा आधार देणारे उपचार करत अळी मरायची वाट बघतात, क्वचित आतडं अडलं तर ऑपरेशन. घरच्या घरी जंताची गोळी घेऊन, ओवा चावून, उलट्या काढून वेळ घालवू नका. टेपवर्मचं लगेच काही कळत नाही, काही आठवड्यांनी कळतं, तुकडा दिसला तर किळस बाजूला ठेवून बाटलीत घालून न्या, तपासायला उपयोगी पडतो.

पायरी ९: अ‍ॅलर्जी, जिथे मेलेली अळी पण चालत नाही

आता तो अपवाद. एकदा जिवंत अळी पोटात गेली की काही लोकांचं शरीर तिच्या प्रोटीनवर बिथरतं. अंगावर पित्त उठणं, ओठ-पापण्या सुजणं, आणि क्वचित श्वास अडकून बीपी पडणं, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. तसं झालं तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, थेट इमर्जन्सीला जायचं, वाट बघायची नाही. मासे कापायच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना तर नुसतं हाताळून, त्या हवेत श्वास घेऊन दमा किंवा त्वचेचा त्रास झाल्याच्या नोंदी आहेत.

अडचण अशी की यातली काही प्रोटीन्स उष्णतेला दाद देत नाहीत आणि फ्रीझिंगने तर त्यांना काहीच होत नाही. ज्यांची अ‍ॅलर्जी तीव्र आहे त्यांच्यासाठी वरच्या पायऱ्या पुरेशा नाहीत, मेलेली अळी पण त्रास देऊ शकते. उलटंही होतं, वर्षानुवर्षं "मला मासा सोसत नाही" म्हणणाऱ्या माणसाला मासा सोसत असतो, त्यातली अळी सोसत नसते. मासा खाल्ल्यावर कधी पित्त उठतं, कधी उठत नाही, फार्मचा सामन चालतो पण समुद्रातला हेक चालत नाही, असा विचित्र पॅटर्न असेल तर अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरला अनिसाकिसची आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटीबॉडी) रक्ततपासणी करायची का ते विचारा. मात्र नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून मासे बंद करू नका, काहीच त्रास नसलेल्यांचाही तो पॉझिटिव्ह येतो, तुमच्या लक्षणांशी जोडून त्याचा अर्थ डॉक्टरच लावतील. तोपर्यंत कुठला मासा, किती खाल्ला, कुठला भाग, कच्चा की शिजलेला आणि किती वेळाने काय झालं हे वहीत तारखेसकट लिहीत जा आणि ती वही घेऊनच डॉक्टरकडे जा.